क्लोज रेंजसाठी छोटी एअरसॉफ्ट रायफल: नाशिकच्या नवख्यांसाठी, घेण्यापासून गिअरबॉक्स उघडण्यापर्यंत

एअरसॉफ्ट म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुकींनी एकमेकांवर बीबी, म्हणजे ६ मिमीच्या प्लास्टिकच्या गोळ्या, मारायचा खेळ. नवीन पोरगं ग्रुपात आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "काय भो, किती एफपीएस मारते?", म्हणजे गोळी किती फूट प्रतिसेकंदाने जाते. कोणी विचारत नाही की ट्रिगर कसाय, मॅग (गोळ्यांचं मॅगझिन) नीट फीड होते का, दारातून वळताना नळी चौकटीला अडकते का. आणि खोल्या-बोळांच्या खेळात, म्हणजे समोरचा पाच ते पंधरा मीटरवर असतो तिथे, नेमक्या याच गोष्टींवर तुम्ही टिकता किंवा बाद होता. ताकद तर उलट कमी ठेवावी लागते. म्हणून हे सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय, कारण आमच्याकडे बिघडलेले गिअरबॉक्स उघडायचं काम फिरून फिरून माझ्याच टेबलावर येतं आणि दहातले आठ बिघाड चुकीच्या अपग्रेडचे असतात.

सगळ्यात आधी कागद, मग हौस

हा भाग कंटाळवाणा आहे पण टाळू नका. आपल्याकडे आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ आणि त्याखालचे आर्म्स रूल्स २०१६ लागू आहेत. एअर वेपनला त्यात जी सूट आहे ती २० ज्यूलपर्यंतची ताकद आणि ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमीपर्यंतचा बोअर (नळीच्या आतला व्यास), अशी दोन्ही मापं बघून आहे. एअरसॉफ्टची ताकद जेमतेम एक ज्यूल, त्या बाजूने काही प्रश्न नाही, पण बोअर ६ मिमीचा, आणि शिवाय दिसायला हुबेहूब खऱ्या बंदुकीसारखी. त्यामुळे "अरे खेळणंच तर आहे" हे उत्तर पोलिसांसमोर चालेल असं धरून चालू नका. दुकानदार "सर लायसन्स लागत नाही" म्हणाला तर हेच वाक्य बिलावर लिहून दे म्हणा, मग बघा चेहरा. घ्यायच्या आधी शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालयाच्या आणि ग्रामीणमध्ये असाल तर संबंधित परवाना शाखेत मॉडेल, बोअर, ताकद लिहून अर्ज द्या आणि उत्तर लेखी घ्या. परदेशातून थेट मागवायचा विचार असेल तर तो सोडा, कस्टम्सला पार्सल अडकतं, पैसेही जातात आणि वर नोटीस येते.

नाशिकमध्ये अजून एक गोष्ट. आपलं शहर साधं नाही, देवळालीला तोफखान्याचं स्कूल, गांधीनगरला आर्मी एव्हिएशन, नाशिकरोडला नोटांचा आणि सिक्युरिटी प्रेस, ओझरला एचएएल आणि एअरफोर्स. या भागातून खांद्याला काळी रायफल लटकवून बाईकवर निघालात तर पुढचं काय होईल ते तुमचं तुम्ही समजा. शिवाय सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, आणि २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने बंदोबस्त अजून कडक राहणार. तेव्हा नियम साधा ठेवा: वस्तू कायम बंद केसमध्ये, मॅग काढलेली, बॅटरी वेगळी, गाडीच्या डिकीत, सोबत बिल आणि कागद. नळीच्या टोकाला केशरी टिप असेल ती काढू नका. सोमेश्वरला नाहीतर गोदाघाटावर रील काढायची हौस असेल तर कॅमेरा न्या, रायफल घरी ठेवा.

खेळणार कुठे ते ठरवा, त्यावरून रायफल ठरते

बंद आवार, मालकाची लेखी परवानगी, आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं, या तीन गोष्टी नसतील तर खेळ नाही. आपल्याकडे सोयीची जागा म्हणजे द्राक्षाचा सीझन संपल्यावर रिकामं पडलेलं पॅक हाऊस. दिंडोरी, पिंपळगाव, निफाड पट्ट्यात एप्रिलनंतर अशा शेड बंदच असतात, आत रिकाम्या क्रेट्सच्या थप्प्या, त्याच्याच भिंती करायच्या, बोळ करायचे, कोपरे करायचे. पण मालकाच्या पफ पॅनलला (कोल्ड रूमच्या थंडावा धरणाऱ्या भिंतींना) बीबीने खड्डे पडतात आणि ट्यूबलाईट फुटते, त्यामुळे आधी कोल्ड रूमचा भाग जाळीने नाहीतर ताडपत्रीने बंद करा. आणि गुळगुळीत कोब्यावर सांडलेल्या बीबीवरून पाय घसरतो, दर दोन गेमनंतर झाडू मारा. बाग शेजारीच असेल तर बायोडिग्रेडेबल बीबीच वापरा, साध्या प्लास्टिकच्या बीबी मातीत वर्षानुवर्षं तशाच राहतात आणि शेतकऱ्याने पुढच्या वेळी फाटक उघडलं नाही तर त्याची चूक नाही.

जागा बघायला जाल तेव्हा एक काम करा. घरातली छत्री किंवा काठी न्या, खांद्याला टेकवून धरा आणि दारातून, क्रेटच्या बोळातून वळून बघा. ५०-७० सेंमीची काठी आरामात वळते. ८५-९० सेंमीची धरली की प्रत्येक कोपऱ्यावर टोक आधी बाहेर येतं, तुम्ही मागून, आणि पलीकडच्याला तेवढी सूचना पुरते. छोटी रायफल का घ्यायची याचं कारण तेवढंच, दिसायला क्यूट आहे म्हणून नाही.

चष्मा. रायफलच्या आधी चष्मा.

पैसे मोजून ठेवले असतील तर पहिला खर्च हाच. पूर्ण सील होणारा गॉगल, त्यावर एएनएसआय झेड८७.१ किंवा ईएन १६६ असं छापलेलं पाहिजे. बाईकचा गॉगल, वेल्डिंगचा चष्मा, मेनरोडला मिळणारा फॅन्सी टॅक्टिकल चष्मा, काहीही चालणार नाही. जाळीवाले गॉगल काही जण वापरतात कारण वाफ धरत नाही, पण बीबी जाळीवर फुटली की तुकडे आत येतात, विशेषतः स्वस्तातल्या बीबी. डोळ्यासाठी पॉलिकार्बोनेट, तोंडासाठी खालचा जाळीचा मास्क, असं ठेवा. पाच मीटरवरून समोरचा दात तुटतो हे अतिशयोक्ती म्हणून सांगत नाहीये, डेंटिस्टचं बिल रायफलपेक्षा जास्त येऊ शकतं.

वाफ धरण्यावर उपाय म्हणजे अँटीफॉग थर नाहीतर छोटा पंखा असलेला गॉगल. काहीही झालं तरी खेळाच्या जागेत गॉगल वर करायचा नाही, घाम आला, दिसत नाही, तर हात वर करून बाहेर या. सेफ झोनमध्ये, म्हणजे खेळाबाहेरच्या थांबायच्या जागेत, नळीवर कापडी कव्हर, मॅग बाहेर, एक शॉट सुरक्षित दिशेला मारून चेंबर रिकामं. अठराच्या खालचे असतील तर पालक सोबत पाहिजेत, यात चर्चा नाही.

कोणती घ्यायची

इलेक्ट्रिक घ्या. गॅसवाली हातात धरली की भारी वाटते, मागे झटका देते, सगळं खरंय, पण ग्रीन गॅस म्हणजे मुळात प्रोपेन, थंडीत त्याचं प्रेशर पडतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा ५-६ अंशांवर येतो, सकाळी सातच्या गेमला गॅसची रायफल दहा शॉटनंतर खोकायला लागते. आणि गॅस संपला म्हणून घरच्या सिलेंडरवरून भरायचा जुगाड कोणी सुचवला तर त्या माणसापासूनच लांब राहा.

इलेक्ट्रिकचा प्रकार नवीन नाही, जपानच्या टोक्यो मारुई कंपनीने १९९१ मध्ये फामास रायफल आणली तेव्हापासून आतली रचना साधारण तीच आहे: मोटर तीन गिअर फिरवते, गिअर पिस्टनला मागे ओढतो, स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते, सिलेंडरमधली हवा बीबीला ढकलते. बॅटरी बीबी मारत नाही, स्प्रिंग मारते. बॅटरी फक्त स्प्रिंग ताणते. हे एवढं डोक्यात बसलं तर पुढचे अर्धे गैरसमज आपोआप जातात.

नवख्याने व्हर्जन २ गिअरबॉक्सवालीच बघावी, एम४ आणि एमपी५ जातीच्या बहुतेक याच, सुटे भाग सगळ्यात जास्त याचेच मिळतात. एके किंवा जी३६ जातीत व्हर्जन ३ असतो, तोही चांगला, थोडा दणकटच. जी अँड जी कंपनीच्या एआरपी ९ सारख्या छोट्या नऊ मिमी स्टाईलच्या रायफली या खेळासाठी लोक डोळे झाकून घेतात, आणि कारण आहे, ट्रिगरचं इलेक्ट्रॉनिक युनिट कंपनीतूनच येतं. एमपी७ सारख्या अगदी छोट्या इलेक्ट्रिकचा गिअरबॉक्स वेगळाच असतो, भाग कमी मिळतात, ती पहिली वस्तू म्हणून घेऊ नका.

जुनी घेत असाल तर समोर बसून हे बघा: नळी हाताने हलवून बघा, खिळखिळी नको. स्टॉकची (खांद्याला टेकवायच्या भागाची) नळी जिथे बॉडीला लागते तिथे चीर आहे का, प्लास्टिक बॉडी तिथेच तडकते. मॅग बसवून डावी-उजवी हलवा. मग कान लावून सेमीवर (एका दाबाला एक शॉट) मारा, सूं सूं करून किंचाळत असेल तर गिअरची शिमिंग, म्हणजे चकत्या टाकून केलेली बैठक, बिघडलीय. शेवटी क्रोनोवर (वेग मोजायच्या यंत्रावर) दहा शॉट, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यात दहाएक एफपीएसचा फरक असेल तर छान, पंचवीसच्या वर असेल तर हवा कुठेतरी गळतेय. विकणारा म्हणाला "आत सगळं अपग्रेड केलंय" तर किंमत वाढवायचं नाही, कमी करायचं कारण समजा, कारण कोणी आणि कशी केलीय ते तुम्हाला दिसत नाही. आणि बिल नसेल तर उठून या.

ताकदीचं गणित एकदाच समजून घ्या

एफपीएस एकटा काही सांगत नाही, बीबीचं वजन सोबत पाहिजे. ०.२० ग्रॅमची बीबी १०० मीटर प्रतिसेकंदाने, म्हणजे ३२८ एफपीएसने गेली की बरोबर १ ज्यूल होतो. ३५० एफपीएसला १.१४ ज्यूल. तोच १ ज्यूल ०.२५ च्या बीबीला २९३ एफपीएसवर आणि ०.२८ ला २७७ वर होतो. म्हणजे कोणी ०.२८ भरून "बघ माझी फक्त ३२० दाखवते" म्हणाला तर तो सव्वा ज्यूलच्या पुढे आहे, साधा हिशोब. जपानमध्ये कायद्यानेच साधारण ०.९८ ज्यूलची हद्द आहे आणि तिथला खेळ काही वाईट चाललेला नाही. बंद जागेत जगभर ०.२० वर ३५० एफपीएस हा आकडा जास्तीत जास्त म्हणून धरतात. मी तर म्हणतो नाशिकच्या पॅक हाऊससारख्या जागेत ३०० ते ३३० च्या मध्ये राहा, मित्राला मारायचंय, रानडुकराला नाही.

क्रोनो करताना ज्या बीबीने खेळणार तीच भरून ज्यूल मोजा. छोट्या नळीच्या रायफलीत सिलेंडरची हवा गरजेपेक्षा जास्त असते, त्यामुळे जड बीबी भरली की ताकद वाढू शकते, ०.२० वर पास झालेली ०.३० वर नापास होते.

स्प्रिंगवर एम९०, एम१०० असं जे लिहिलेलं असतं तो आकडा साधारण ०.२० च्या बीबीचा मीटर प्रतिसेकंद वेग असतो. म्हणजे एम९० साधारण २९५ एफपीएस, एम१०० साधारण ३२८. छोट्या नळीत थोडं कमी मिळतं. बस, एम९५ किंवा एम१०० च्या पुढे जायचं या खेळात काही कारणच नाही.

पहिले दोन-तीन महिने आत हातच लावू नका

खरंच सांगतो. गोळ्या-मॅग-बॅटरी नीट करा आणि खेळा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हा प्रकार या छंदात सर्रास होतो, रायफल घेतल्याच्या आठवड्यात ऑप्टिक, टॉर्च, लेझर, ग्रिप, वर सायलेन्सर लावून छोटी रायफल मोठीएवढी लांब आणि जड करून ठेवतात.

बीबी: ०.२५ किंवा ०.२८, सीलबंद पाकीट, गुळगुळीत, शिवण नसलेली. चांगल्या बीबीचा व्यास ५.९५ मिमी असतो आणि नळीचा आतला बोअर ६.०३ ते ६.०८, म्हणजे दोघांत केसाएवढी जागा, खरबडीत किंवा फुगलेली बीबी तिथेच अडकते. बायो बीबीचं पाकीट पावसाळ्यात उघडं ठेवू नका, ओल धरून फुगतात, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. जमिनीवरून वेचलेली बीबी परत भरायची नाही. कधीच नाही.

मॅग: हायकॅपमध्ये तीनशेच्या आसपास बीबी बसतात पण चाक फिरवत बसावं लागतं आणि चालताना खुळखुळ्यासारखी वाजते. बोळात दबा धरून बसलात आणि मॅग वाजली, संपलं. मिडकॅप घ्या, शंभर-सव्वाशेची, दोन-तीन पुरतात. खेळ झाला की रिकामी करून ठेवा म्हणजे स्प्रिंग टिकते.

बॅटरी: ७.४ व्होल्टची लायपो (लिथियम पॉलिमर), स्टॉकमध्ये बसेल अशी, १००० ते १३०० एमएएच. १३०० ची २० सी (क्षमतेच्या वीसपट करंट) म्हणजे २६ अँपिअर देते, या कामाला भरपूर. ड्रोन आणि आरसी गाड्यांचं सामान ठेवणाऱ्यांकडे मिळून जाते, फक्त माप घेऊन जा, स्टॉकची पोकळी पट्टीने मोजून. बॅलन्स चार्जर घ्या, आयमॅक्स बी६ जातीचा चालतो. सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, ठेवताना ३.८, आणि ३.२ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. छोटा अलार्म मिळतो, लावून टाका. चार्जिंगला लावून झोपायचं नाही, फुगलेली बॅटरी वापरायची नाही, आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात ठेवायची नाही.

११.१ ची बॅटरी लावली की ट्रिगर झटपट होतो हे खरंय. पण मॉसफेट (ट्रिगरच्या कॉन्टॅक्टऐवजी करंट सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) नसेल तर ट्रिगरचे कॉन्टॅक्ट जळतात आणि कंपनीचा पिस्टन दात गमावतो. ७.४ वर चांगली मोटर, हे त्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं.

हॉप लावायला शिका

हॉप-अप म्हणजे चेंबरमधलं छोटं रबर, ते बीबीला वरून घासतं, बीबी उलटी फिरत जाते आणि त्यामुळे हवेत तरंगत सरळ जाते. चाक किंवा डायल पूर्ण बंद करा. लांबवर बघून सेमीवर मारा, बीबी लवकर खाली पडेल. थोडं फिरवा, परत चार-पाच शॉट. सरळ जाऊन शेवटी हळूच खाली यायला लागली की थांबा. वर उसळत असेल तर जास्त झालं. बीबीचं वजन बदललं की परत लावायचं. बोळात वीस मीटरच्या पुढे मारायचंच नसतं तरी हे करा, कारण हॉप बिघडलेली रायफल जवळूनही डावी-उजवी फेकते.

नळी साफ करायची रॉड सोबत येते, टोकाला टिश्यू गुंडाळून, हॉप बंद करून, पुढून आत आणि बाहेर, टिश्यू पांढरा निघेपर्यंत. इलेक्ट्रिक रायफलीच्या हॉपमध्ये सिलिकॉन तेल मारू नका, रबर घसरडं झालं की बीबी कुठेही जाते आणि मग मला फोन येतो की नळी वाकडी आहे.

अपग्रेड, याच क्रमाने

पहिलं, हॉपचं रबर. पन्नास किंवा साठ कडकपणाचं चांगलं रबर आणि सपाट नब (रबराला वरून दाबणारा छोटा तुकडा). वस्तू छोटी, खर्च कमी, फरक सगळ्यात जास्त. रबर बसवताना आतला उंचवटा बरोबर नळीच्या वरच्या खिडकीत आला पाहिजे, जरा तिरका बसला की बीबी एका बाजूला वळते.

दुसरं, हवाबंदी. यासाठी गिअरबॉक्स उघडावा लागतो, ते खाली सांगतो.

तिसरं, मॉसफेट. साधा मॉसफेट कॉन्टॅक्ट जळू देत नाही, एवढंच काम. गेट टायटनसारखं पूर्ण ऑप्टिकल युनिट टाकलं तर ट्रिगर कुठे सुटायचा तेही ठरवता येतं, माऊसच्या क्लिकसारखा होतो. बंद जागेत ऑटोवर बहुतेक बंदीच असते, सगळा खेळ सेमीवर, त्यामुळे बोट दाबल्यापासून बीबी निघेपर्यंतचा वेळ हीच तुमची खरी स्पीड. प्री-कॉकिंग चालू केलं तर पिस्टन अर्धा ताणलेला राहतो, खेळ संपल्यावर स्प्रिंग सोडायला विसरू नका.

चौथं, मोटर. हाय-टॉर्क, निओडिमियम चुंबकवाली. हाय-स्पीड नाही. तुम्हाला प्रत्येक शॉटला थांबून परत झटक्यात उठणारी मोटर पाहिजे, टॉर्क तिथे लागतो. गिअर १८:१ वरून १३:१ चे (शेवटच्या गिअरच्या एका फेऱ्याला मोटरचे तेवढे फेरे) टाकायचे का, ते मोटर बदलून महिनाभर खेळल्यावर ठरवा, बहुतेकांना गरज पडत नाही.

नळी मात्र सगळ्यात शेवटी. "लांब नळी म्हणजे जास्त अचूक" हे इथे लागू होत नाही, २३० मिमीची स्वच्छ नळी आणि चांगलं रबर, एवढ्यात तुमचं काम होतं. हिशोब बघा ना, पूर्ण सिलेंडरमध्ये साधारण २५ घनसेंमी हवा, २३० मिमीच्या नळीला लागते साडेसहाच्या आसपास, बाकी हवा नुसती फट् आवाज करून बाहेर जाते. म्हणून छोट्या नळीला बाजूला भोक असलेला पोर्टेड सिलेंडर लावतात, हवा कमी, आवाज कमी, पिस्टनला सुरुवातीला वेग घ्यायला मोकळीक. सातपूर-अंबडला लेथवाला ओळखीचा आहे म्हणून नळी कापून घ्यायची कल्पना आपल्याकडे सगळ्यांना येते. कापता येते, पण पुढचं तोंड आतून बारीक घासून गोल करावं लागतं, बर (कापल्यावर उरलेली खरबडीत कड) राहिला तर बीबी तिथेच ओरखडते. आणि अख्खी रायफल पिशवीत घालून वर्कशॉपमध्ये नेऊ नका, फक्त नळी न्या.

गिअरबॉक्स उघडताना

टेबलावर जुनी पांढरी चादर पसरा, स्प्रिंग उडाली तर दिसते. मोबाईलने प्रत्येक पायरीचा फोटो. आधी मॅग काढून सेमीवर एक-दोन रिकामे शॉट मारा म्हणजे पिस्टन पुढे येतो, मग बॅटरी बाहेर. बॉडीच्या दोन पिना काढल्या की वरचा भाग नळीसकट सरकतो. ग्रिपच्या तळाची प्लेट उघडून मोटर बाहेर, मग ग्रिपचे स्क्रू, स्टॉकच्या नळीतला लांब स्क्रू, मॅगचं बटण, आणि गिअरबॉक्स हळूच वर. ओढाताण करायची नाही, अडकलं म्हणजे कुठेतरी एक स्क्रू राहिलाय.

क्विक-चेंज स्प्रिंग असेल तर ती आधी काढा, एलन कीने दाबून फिरवली की मागून येते. नसेल तर स्प्रिंग गाईडच्या भोकातून लांब स्क्रूड्रायव्हर घालून दाबून धरा आणि मगच वरचं कव्हर उचला, चेहरा बाजूला, डोळ्यावर चष्मा. कव्हर उचलताना डाव्या अंगठ्याने सिलेंडर दाबून ठेवायचा. बेव्हल गिअरजवळ (मोटरला लागणारा पहिला गिअर) एक छोटीशी चाप असते, मागे फिरू न देणारी, तिची स्प्रिंग तीळाएवढी, कव्हर उचललं की हीच पहिली गायब होते. उचलायच्या आधी चुंबक लावलेली वाटी शेजारी ठेवा आणि ती दिसल्या दिसल्या वाटीत टाका.

हवाबंदीची तपासणी: पिस्टन, सिलेंडर, हेड (सिलेंडरचं पुढचं झाकण), नोझल (बीबी चेंबरमध्ये ढकलणारी छोटी नळी) हातात जोडा, नोझलच्या तोंडावर बोट घट्ट दाबा आणि पिस्टन आत ढकला. थोडं जाऊन उशीसारखा थांबला पाहिजे. सरळ आत गेला तर गळतंय. बोट सिलेंडर हेडच्या कडेवर ओलं करून फिरवा, बुडबुडा कुठे येतो बघा. पिस्टनचं ओ-रिंग सैल असेल तर काढून हलकंसं ताणा नाहीतर बदला. हेड सैल असेल तर नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप दोन फेरे, कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळते. नोझल आतून गळत असेल तर ओ-रिंग असलेलं नोझल घ्या, पण लांबी जुन्याच्या बरोबर मापून, व्हर्नियरने, अर्धा मिमी कमी-जास्त झाला तरी फीड बिघडतं.

शिमिंग म्हणजे गिअरच्या दोन्ही बाजूंना ०.१ ते ०.३ मिमीच्या चकत्या टाकून तो न हलेल आणि न अडकेल असा बसवणं. आधी बेव्हल, मोटरच्या पिनियनला (टोकाच्या छोट्या दातेरी चाकाला) नीट लागेल असा, मग मधला स्पर, मग पिस्टन ओढणारा सेक्टर. कव्हर बंद करून स्क्रू आवळा, बोटाने गिअर फिरवा, मोकळा फिरून आपोआप हळू थांबला पाहिजे. वर-खाली किंचित खेळ असला पाहिजे, एक चकती जास्त टाकून घट्ट केला की मोटर तापते. याला एक संध्याकाळ जाते, घाई करणाऱ्याला तीन जातात.

गिअरला लिथियम ग्रीस, दाताला चिकटून राहील एवढंच. सिलेंडर आणि ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, पातळ थर. गाडीचं ग्रीस ओ-रिंगला लावायचं नाही, रबर फुगतं. परत जोडल्यावर पहिले वीस शॉट बीबीशिवाय, सेमीवर, आवाज ऐकत. मोटरची उंची ग्रिपच्या खालच्या स्क्रूने ठरते: किंचाळली तर अर्धा फेरा सैल, घरघरली तर अर्धा फेरा आवळा. आणि लगेच क्रोनो, कारण हवाबंदी सुधारली की त्याच स्प्रिंगवर तीस-चाळीस एफपीएस सहज वाढतात आणि तुम्ही नकळत हद्दीबाहेर जाता. मग स्प्रिंग एम९० वर आणायची, लाज वाटायचं काही कारण नाही.

हातात बसवणं

बाहेरचं सामान तीनच गोष्टींपुरतं. एक साधा रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायची काच), त्याच्यापुढे पॉलिकार्बोनेटची काच, नाहीतर पहिल्याच गेममध्ये लेन्सला बीबी. एक सिंगल-पॉईंट पट्टा. आणि पुढे छोटा हँड-स्टॉप, म्हणजे बोटं नळीच्या तोंडासमोर जात नाहीत, छोट्या रायफलीत हा धोका खरा असतो. स्टॉकची लांबी गॉगल-मास्क लावून ठरवा, टीशर्टवर घरी ठरवली तर मास्कमुळे गाल टेकत नाही आणि डॉट दिसत नाही.

घरी भिंतीच्या कोपऱ्यावर सराव करा, बॅटरी काढून. उजव्या कोपऱ्यावरून उजव्या खांद्याने, डाव्यावरून डाव्या खांद्याने, म्हणजे अंग कमी बाहेर येतं. डाव्या हाताने सेफ्टी पोचते का बघा, नसेल तर दोन्ही बाजूंनी चालणारा सिलेक्टर हे ट्रेसरपेक्षा (अंधारात बीबी चमकवणाऱ्या जोडणीपेक्षा) चांगलं अपग्रेड आहे.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर खेळ कमी होतो, रायफल बंद पडते ती याच काळात. ठेवायच्या आधी नळी पुसून कोरडी करा, हॉप पूर्ण बंद, स्प्रिंग सुटलेली, मॅग रिकाम्या, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या. निळ्या दाण्यांच्या पुड्या गुलाबी पडल्या की बदला. बॅटऱ्या ३.८ व्होल्ट सेलवर आणून वेगळ्या, आग न धरणाऱ्या पिशवीत किंवा पत्र्याच्या डब्यात, आणि महिन्यातून एकदा व्होल्टेज बघा. स्टीलच्या स्क्रूवर तेलाचा हात फिरवा, इगतपुरी-त्र्यंबककडे राहणाऱ्यांनी दर पंधरा दिवसांनी केस उघडून वारा द्या. ऑक्टोबरात पहिल्या गेमच्या आदल्या दिवशी बॅटरी लावून सेमीवर दहा शॉट, क्रोनो, गॉगलच्या काचेला चीर आहे का उजेडासमोर धरून बघा, आणि चीर दिसली तर गॉगल फेकून नवीन घ्या.